मुऱ्हाळी गेलो आणि चॅनेल मागून आलो

आमच्या भागात माझं नाव सुकलाल आहे हे फार थोड्यांना माहीत आहे. लोकांच्या फोनमध्ये मी 'नेटवाला' म्हणून आहे, आणि काही जणांनी मला 'नेटवाला बंद' या नावाने ठेवलं आहे. कारण माझी आठवण फक्त नेट बंद पडल्यावर येते. ते चालू असतं तेव्हा मी कोणाच्या खिजगणतीतही नसतो. अशा माणसाकडून दिवाळी अंकासाठी अनुभव लिहून घ्यावेत असं का वाटलं, हे मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडे तुमचंच नेट होतं. चालायचं कमी, पण तुम्ही बोलायचात छान." यात कौतुक किती आणि राग किती ते मला कळलं नाही. लिहायला मात्र बसलो.

या धंद्याआधी मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढायचं, तारा जोडायच्या, खाली उतरायचं. पुढे लोक तारा चोरून नेऊ लागले, आणि त्याच्याही पुढे चोराला परवडतील इतक्या तारा उरल्या नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो. माझी बायको मंदा आठवडाभरात म्हणाली, तुम्ही कुठल्यातरी खांबावर परत चढा, घरात नुसते पायात येता. म्हणून मी अमळनेरला आमच्या गच्चीवर लोखंडी मनोरा उभा केला आणि खेड्यांना बिनतारी इंटरनेट पुरवायला लागलो.

हा धंदा काय आहे ते आधी सांगतो. माझ्या सख्ख्या भावाला तो अजून समजलेला नाही, त्याला वाटतं मी हवा विकतो. तसा तो फार चुकलेला नाही. इंटरनेट अमळनेरपर्यंत जमिनीखालच्या केबलने येतं. पुढे खेड्यात केबल न्यायची तर चर खणावा लागतो, आणि लहानशा गावासाठी एवढा चर खणणं कोणत्याच मोठ्या कंपनीला परवडत नाही. मग ते हवेतून पाठवायचं. माझ्या मनोऱ्यावर एक यंत्र, गावातल्या पाण्याच्या टाकीवर एक डिश. दोघांनी एकमेकांना दिसायला हवं, मध्ये झाड नको, इमारत नको. टाकीवरून पुढे घराघरांवर लहान डिश.

आता हवेतून काही पाठवायचं तर लहरी लागतात, आणि त्या सरकारच्या ताब्यात असतात. मोठ्या कंपन्या लिलावात आपापली पट्टी घेतात. तिथे दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. पण एक पट्टी सरकारने सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहे. परवाना नको, लिलाव नको, ताकदीची मर्यादा पाळा आणि वापरा. गावाच्या गायरानासारखं हे आहे. आमचं नेट खेड्यातल्या माणसाला परवडायचं ते या गायरानाच्या जिवावर. आणि गायरानाचं जे होतं तेच त्याचंही होतं. प्रत्येक जण आपली गुरं सोडतो आणि तक्रार न्यायला मालक नसतो. या पट्टीचे छोटे तुकडे पाडलेले असतात, त्यांना आम्ही चॅनेल म्हणतो. एकाच चॅनेलवर दोघं बोलायला लागले तर दोघांचंही धड ऐकू येत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर माझी पुढची सगळी फजिती तुम्हाला समजेल.

गिऱ्हाइकं मला एकेक नमुनेदार मिळाली. एका गावच्या नानांनी डिश दक्षिणेकडे तोंड करून बसवायला साफ नकार दिला. दक्षिणेला यम असतो. मी म्हटलं, "नाना, अमळनेर तुमच्या दक्षिणेलाच आहे, त्याला मी काय करू?" नाना म्हणाले, "मंग अमळनेर सरकाव." शेवटी शेजारच्या पुतण्याच्या गच्चीवर डिश बसवली आणि तिथून तार नानांच्या घरात आणली. यम पुतण्याकडे गेला, त्याबद्दल नानांची काही हरकत नव्हती.

दुसऱ्या एका अक्कांचं नेट उन्हाळ्यात रोज उन्हं वर आली की जायचं आणि संध्याकाळी आपोआप यायचं. मी तार बदलली, यंत्र बदललं, मग उष्णतेने यंत्र तापत असावं असा शोध लावला आणि त्यावर स्वखर्चाने पत्र्याचं छोटं छप्पर करून दिलं. तरी तेच. एका सकाळी गच्चीवर जाऊन बघितलं तर डिशवर ओलं धोतर अंथरलेलं आणि त्यावर ज्वारीची बिबडी, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातलेली. ओल्या फडक्यातून आमच्या लहरी पार होत नाहीत. माझ्या छपरावरही बिबडी होती. अक्का म्हणाल्या, "रिकामंच तं व्हतं ते ताट." वर त्यांनी मला डबाभर बिबडी बांधून दिली आणि मी ती घेतली.

अशा कामात माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो, हाच मोठा धोका. तामसखेड्याला सरलाच्या घरी डिश बसवायला गेलो तेव्हा मी स्वतःला या पट्ट्यातला सगळ्यात जाणकार माणूस समजत होतो.

तामसखेडे अमळनेरच्या पश्चिमेला, धुळे जिल्ह्याच्या हद्दीला चिकटलेलं गाव. खोलगटात वसलेलं. मोबाइलची एखादी रेघ यायची, ती फोनवर बोलण्यापुरती; नेट त्यावर चालायचं नाही. सरलाचा नवरा सुरतेला कारखान्यात, ती इथे कापसाचं वावर आणि म्हातारी सासू सांभाळून. तिची मुलगी धनश्री, सगळे धनू म्हणत, जन्मापासून ऐकू न येणारी. सरकारी योजनेतून पुण्याला तिचं ऑपरेशन झालं होतं. कानाच्या आत यंत्र बसवलेलं आणि कानामागे केसांत बटणासारखी एक चकती. मला वाटलं, चला, पोरीला ऐकू यायला लागलं, काम झालं. सरलाने समजावलं की काम आता सुरू झालं आहे. यंत्र फक्त आवाज आत पोचवतं. त्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदूला शिकवावं लागतं, आणि मेंदू कोवळा असतो तोवरच तो ते शिकतो. ते वय गेलं की कानात आवाज येत राहतो, पण बोलणं येत नाही.

शिकवणाऱ्या मॅडम नाशिकला होत्या. आठवड्यातून दोनदा पडद्यावरून शिकवायच्या. मॅडम तोंड उघडून दाखवणार, आवाज काढणार, धनू ते ओठ बघणार आणि तो आवाज त्या ओठांशी जोडणार. सरला मला म्हणाली, "भाऊ, माले पिच्चर देखाना नही. हाई एकच काम शे." मी छातीवर हात ठेवून सांगितलं की ताई, अजिबात काळजी करू नका, या कामाला कधी खंड पडणार नाही. हे मी सगळ्यांनाच सांगायचो, सवयीने.

काही महिने खरंच खंड पडला नाही. मग एके दिवशी सरलाचा फोन आला. भांडणाचा सूर नव्हता. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

"भाऊ, मॅडमनं तोंड आधी हालस, आवाज मांगून येस. पोर जराशीक देखस आनि मान फिराई लेस."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. नेट हळू असलं तरी सिनेमा बघता येतो, कारण तो आधी थोडा भरून ठेवता येतो. समोरासमोरचं बोलणं असं भरून ठेवता येत नाही. लहरींत लहरी मिसळल्या की एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि आवाज मागे पडतो. तुमच्या-माझ्यासारख्याला ते चालून जातं. आपण मनातल्या मनात ओठ आणि आवाज जुळवून घेतो, कारण आपल्याला बोलणं काय ते आधीच माहीत असतं. धनूला ते माहीत नव्हतं. ओठ 'आ'चे आणि कानात मागचा 'ऊ' पडला, तर तिच्या लेखी 'आ' म्हणजे 'ऊ' झाला.

मी कामाला लागलो. आधी कबुतरांवर आळ घेतला. टाकीवरचं त्यांचं घरटं हलवलं. मग मंदिराजवळच्या निंबाची एक फांदी डिशच्या आड येते असं मी जाहीर केलं आणि ती तोडायला चढलो. खाली गाव जमलं, पुजारी आले, आणि मला फांदीसह खाली उतरवण्यात आलं. फांदी मी कापली तीही चुकीची होती. मग नवीन तार टाकली. मग नवीन यंत्र. मग सरलाला सांगितलं की हवामान खराब आहे. तेव्हा आभाळात एक ढग नव्हता.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. टाकीवर चढून हवेत कोण कोण बोलतंय ते तपासलं. आमच्या यंत्रात अशी सोय असते. आजूबाजूचे मनोरे आपापल्या नावासह पडद्यावर दिसतात. माझ्याच चॅनेलवर, माझ्याच रेषेत, चांगल्या खणखणीत ताकदीने एक मनोरा बोलत होता. त्याचं नाव होतं 'कल्पना'.

कल्पना म्हणजे माझी मुलगी. दीड-दोन वर्षांपूर्वीच तिला धरणगावला दिली होती. तिचे सासरे, आमचे व्याही, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांचं इलेक्ट्रॉनिकचं दुकान. लग्नात माझ्या धंद्याची चौकशी त्यांनी इतक्या आपुलकीने केली की मी त्यांना सगळं खोलून सांगितलं, यंत्र कुठून घ्यायचं तेही सांगितलं. मग त्यांनीही तोच धंदा सुरू केला. आणि आता अमळनेरच्या बाजूच्या उंचवट्यावर त्यांनी नवा मनोरा उभारला होता आणि त्याला सुनेचं नाव दिलं होतं. तामसखेड्याची डिश अमळनेरकडे तोंड करून बसलेली. तिच्या नाकासमोर माझा मनोरा आणि त्याच रेषेत पाठीमागे धरणगावची 'कल्पना'. लेकीच्या नावाचा आवाज माझ्या आवाजावर पडत होता.

आता बोला. गायरानात दुसऱ्या कोणाची गुरं शिरली असती तर मी काठी घेऊन गेलो असतो. पण व्याह्याला काय बोलणार? आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्याकडे काही मागायला जायचं नसतं, तक्रार तर लांबच राहिली. त्यातून त्या माणसाने मनोऱ्याला माझ्या मुलीचं नाव दिलं होतं. तुमची कल्पना मला त्रास देते, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

तरी गेलो. पेढे घेऊन गेलो. धरणगावचं ऊन, एसटीतून उतरून चालत गेलेलो, घशाला कोरड. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आमच्या आईने घालून दिलेली रीत. अप्पा थंड पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मी तहान नाही म्हणून सांगतो. कापसाबद्दल बोललो, जावयाच्या तब्येतीबद्दल बोललो. शेवटी धीर करून विषयाच्या जवळ गेलो. म्हटलं, "अप्पा, हल्ली हवेत फार गर्दी झाली आहे."

अप्पा म्हणाले, "हो ना, लग्नसराई आहे."

मी परत आलो. पुन्हा एकदा गेलो, त्या वेळी जिलबी नेली. त्या वेळी तर हवेपर्यंतही पोचलो नाही.

मग मी ठरवलं की बोलण्यापेक्षा आपणच सरकून घ्यावं. गायरान मोठं आहे, आपण दुसऱ्या कोपऱ्यात जावं. सोमवारी सकाळी लवकर, गिऱ्हाइकं उठायच्या आधी, मी माझा मनोरा दुसऱ्या मोकळ्या चॅनेलवर नेला. आता धनूचा पुढचा धडा नीट होणार, असं वाटलं. माझा जीव भांड्यात पडला. पण त्या धड्यालाही पुन्हा तेच, ओठ पुढे, आवाज मागे. टाकीवर चढलो तर नव्या चॅनेलवर 'कल्पना' हजर. मी आणखी सरकलो. 'कल्पना' पाठोपाठ आली. असं बरेच सोमवार चाललं. आता माझी खात्रीच पटली की हा माणूस मुद्दाम माझ्या मागावर आहे. मंदाला म्हटलं, व्याही आपल्या मुळावर उठलाय. मंदा म्हणाली, "ते काही असो. आखाजी तोंडावर आली आहे. पोर घरी येईपर्यंत तुम्ही तोंड शिवून घ्या. मग काय भांडायचं ते भांडा."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकीसाठी तिच्याएवढा सण नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मला मुलगा नाही, म्हणून मुऱ्हाळी मीच. आणि मुऱ्हाळी तिथे गेला की लेकीला पाठवायचं की नाही हे सासरच्या मर्जीवर. तेव्हा आखाजीच्या आधी व्याह्याशी वाकडं घेणारा बाप अजून जन्मायचा आहे. मंदाचं म्हणणं मला पटलं. खरं सांगायचं तर फार सोयीचं वाटलं.

मुऱ्हाळी निघालो त्या सकाळी, एसटीत बसलेलो असताना सरलाचा फोन आला.

"भाऊ, मॅडम सांगतस, आसंच चालनं तं आखाजीनंतर शिकाडनं बंद करसूत. पोरले चुकीनी सवय लागी ऱ्हायनी." मग ती म्हणाली, "मंग माले नाशिकले खोली करनी पडी. वावर कोन देखी, सासूले कोन देखी? माले काही सुचस नही."

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला. मांडीवर साखरेच्या गाठींचा पुडा, खिडकीतून गरम वारा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारच्या माणसाने विचारलं, काय हो, तब्येत बरी नाही का.

धरणगावला पोचलो. ओसरीवर अप्पा, विहीणबाई, जावई, शेजारची दोन-चार माणसं. कल्पना बॅग भरून दारात उभी, नवं लुगडं नेसलेली. मुऱ्हाळी आला की घरच्या मोठ्या माणसाने विचारायचं असतं, काय, कसं काय येणं केलं? सगळ्यांना ठाऊक असतं की तो लेकीला न्यायला आला आहे. तरी विचारायचं, आणि मुऱ्हाळ्याने नम्रपणे सांगायचं. अप्पा पागोट्याला हात लावून सगळ्यांसमोर म्हणाले, "या, या. काय न्यायला आलात?"

मी म्हणालो, "चॅनेल."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. कल्पना म्हणाली, "बाबा, मग मी बॅग परत उघडू का?"

पण आता तोंड शिवून उपयोग नव्हता, टाका उसवला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तामसखेडे, धनू, तिचं यंत्र, मॅडमचे ओठ, मागून येणारा आवाज, आखाजीनंतर बंद होणारे धडे. म्हटलं, "अप्पा, कल्पनाला चार दिवस उशिरा पाठवा, नाहीतर पाठवूच नका. पण ते चॅनेल मला सोडा. मी तुमच्यापासून किती पळालो, तुम्ही दर वेळी माझ्या मागे येता."

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी मागे येतो?" ते म्हणाले. "अहो, मी तुमच्यापासून पळतोय. माझं नेट अडखळायला लागलं तेव्हा बघितलं तर तुमचा मनोरा. म्हटलं, मुलीच्या बापाशी कुठे वाद घालायचा, लोक म्हणतील मुलाकडचे डोक्यावर बसले. आपणच सरकावं. दर सोमवारी सकाळी सरकत होतो."

"सोमवारी सकाळी मीच सरकत होतो," मी म्हणालो.

मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळच्या त्याच वेळी दोघंही हवेत बघणार, दोघांनाही तेच एक चॅनेल मोकळं दिसणार, आणि दोघंही मानपान सांभाळून, समोरच्याला जागा द्यायची म्हणून, त्याच चॅनेलवर जाऊन बसणार. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं जशी एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, तसे आम्ही दोघं आठवड्यांमागून आठवडे सरकत होतो. दोघं वैरी असतो तर एका फोनवर मिटलं असतं. व्याही होतो म्हणून मिटलं नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "एक फोन करता तं काय बिघडतं तुमनं?"

आम्ही ओसरीवरच मांडी घालून बसलो. मोकळी पट्टी मोठी दिसते, पण तिच्यात आमच्याशिवाय दुकानदार, हॉटेलवाले, शाळा, सगळे घुसलेले. दोघांना ऐसपैस जागा उरली नव्हती. शेवटी अप्पा म्हणाले, वावराची वाटणी करतो तशी करू. खालचा भाग त्यांचा, वरचा माझा, आणि मध्ये एक चॅनेल दोघांनीही मोकळं सोडायचं, बांध म्हणून. शिवाय दोघांनीही आपल्या यंत्रांचा जोर कमी करायचा. आता आमच्या भागात बांध म्हणजे काय ते सांगायला नको. मी माझ्या भावाचा बांध दरसाल वितभर कोरत आलो आहे आणि तो माझा कोरतो. असा मी, हवेतला बांध न कोरण्याचा शब्द देऊन बसलो.

अप्पांनी विचारलं, "याने आपलं दोघांचं नेट हळू होईल ना?" मी म्हटलं, होईल. "गिऱ्हाइकं ओरडतील?" मी म्हटलं, ओरडतील. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "ओरडू द्या. तुमच्यासारखी कारणं मला सांगता येत नाहीत, तेवढी शिकवा." बोलून बोलून माझा घसा इतका सुकला होता की समोरचा तांब्या उचलला आणि गटागट पाणी प्यायलो. प्यायल्यावर आठवलं की हे लेकीच्या घरचं पाणी. कल्पना माझ्याबरोबर आखाजीला घरी आली. मंदाला चॅनेलचं काही वाटलं नाही, पाणी प्यायल्याबद्दल मात्र तिने बरेच दिवस ऐकवलं.

क्रिकेटच्या सामन्यांत गिऱ्हाइकं खरंच ओरडली. चेंडू कुठे गेला ते दिसत नाही म्हणाली. काही जण सोडून गेले. माझेही गेले, अप्पांचेही गेले. पुढे आमच्या आसपास मोठ्या कंपनीचा मनोरा आला तेव्हा आणखी गेले. आता दोन्ही धंदे जावई एकत्र चालवतो आणि त्यात आम्हा दोघा म्हाताऱ्यांना हात लावू देत नाही. बांध मात्र त्यानेही ठेवला आहे. बरं वाटतं, एवढंच.

तामसखेड्याचं सांगायचं राहिलं. आखाजीनंतर मॅडमचे धडे सुरू राहिले. ओठ आणि आवाज बरोबर जाऊ लागले. पण धनू बोलत नव्हती. बघायची, ऐकायची, गप्प राहायची. मी दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून सरलाला फोन करायचो, नेट कसं आहे, असं विचारायचो. ती म्हणायची, "नेट बेस शे, भाऊ." धनूचं ती आपणहून काही बोलायची नाही आणि मला विचारवायचं नाही. आमच्या दोघा व्याह्यांच्या मानपानात त्या पोरीचे किती आठवडे वाया गेले होते. तिच्या वयातले आठवडे परत मिळत नाहीत. कदाचित नेमके तेच आठवडे हवे असतील, असं मला सारखं वाटायचं, आणि या बाबतीत मला स्वतःवर हसू येत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत टाकीवरची एक तार उंदरांनी कुरतडली म्हणून गेलो होतो. काम उरकून सरलाच्या घरी चहाला थांबलो. घरात कापसाची रास छतापर्यंत गेलेली, सरला ओट्याशी, आणि धनू राशीला टेकून बसलेली. तिच्या हातात फुटलेल्या पाटीची नुसती लाकडी चौकट होती. ती माझ्यासमोर येऊन बसली. चौकट चेहऱ्यासमोर धरून तिने आतून माझ्याकडे बघितलं, केस मागे सारले, मॅडम सारतात तसे असावेत, आणि म्हणाली,

"आवाज येतोय का?"

शब्द जरा घशातून आल्यासारखे होते, पण अगदी सुटे आणि नीट. आमच्या अहिराणीत नव्हे, नाशिकच्या मराठीत. मी सरलाकडे बघितलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "मॅडम दर धडाले आधी हाईच इचारतस ना, भाऊ. तुमनं नेट आसं व्हतं, धडाना मझारबी दहादा इचारतस. ती बठ्ठास्ना आधी हाईच शिकनी." पोरीचं पहिलं वाक्य हेच, असं सांगत हसता हसता तिने डोळे पुसले.

धनू चौकटीतून माझ्याकडे बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

"येतोय," मी म्हणालो. पण ओठ नुसते हलले आणि आवाज काही निघाला नाही. तिने कपाळाला आठी घातली, चौकट जरा जवळ आणली आणि मोठ्याने, सावकाश, पुन्हा विचारलं. मी घसा खाकरला आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की येतोय, बेटा, स्वच्छ येतोय. तेव्हा तिने मान हलवली, तोंड मोठं उघडून दाखवलं आणि मला 'आ' म्हणायला लावलं.